बाकी नेहमीप्रमाणे

पाककृतींचं पान माझ्याकडे आलं, त्याच आठवड्यात गंगापूरहून एक पत्र आलं. फुलस्केप कागद, दोन्ही बाजूंनी गच्च लिहिलेला. कृती धपाट्यांची. ज्वारीचं पीठ किती, त्यात गव्हाचं किती, बेसन किती, तीळ, ओवा, लसूण-मिरचीचा ठेचा, कोथिंबीर देठासकट की देठ काढून, सगळं तपशीलवार. पीठ मळून झालं आणि शेवटची ओळ आली : ‘बाकी नेहमीप्रमाणे करावे.’

मी साताऱ्याकडची, लग्न होऊन औरंगाबादेत आलेली. आमच्याकडे थालीपीठ. धपाट्यांच्या बाबतीत माझं ‘नेहमी’ असं काही नव्हतंच. शेवटी सिडकोतल्या शेजारच्या काकूंनी मला ओट्याशी उभं केलं. पोळपाटावर ओलं फडकं पसरलं, त्यावर गोळा ठेवून पाण्याच्या हातानं थापत नेला, मधोमध बोटानं भोक पाडलं आणि फडक्यासकट उचलून धपाटं तव्यावर असं पालथं घातलं की फडकं हातात आणि धपाटं तव्यावर. माझी पहिली तीन फडक्यालाच चिकटली. धपाट्याची सगळी कला त्या फडक्यात होती, आणि गंगापूरच्या बाईंच्या पत्रात फडक्याचा उल्लेखच नव्हता. त्यांनी लपवलं नव्हतं. फडकं ही लिहिण्यासारखी गोष्ट आहे, हेच त्यांच्या मनात आलं नव्हतं.

पुढं वीस वर्षं मी एका वृत्तपत्राच्या पुरवणीत ते पान लावलं. पत्रं आली, फोन आले, घरी बोलावणी आली, डबे आले. त्या काळात शिकलेली गोष्ट एवढीच, की छापायला दिलेली कृती आणि मैत्रिणीला दिलेली कृती या दोन वेगळ्या कृती असतात. बाई तीच, पातेलं तेच. फरक कुठं पडतो, त्याचे हे किस्से.

येसर आणि दोन चमचे तेल

आमच्या पानाचा एक नियम होता. आलेली कृती आधी घरी करून बघायची, मगच छापायची. नियम माझाच, त्यामुळे फजितीही माझीच.

मराठवाड्यात लग्नाच्या पंगतीत येसर आमटी लागते. येसर म्हणजे भाजलेली धान्यं, डाळी आणि मसाला यांचं दळलेलं पीठ. ज्वारी किंवा बाजरी, गहू, हरभऱ्याची डाळ, तांदूळ, त्यात धने, जिरे, मिरे, दगडफूल, सुकं खोबरं, लाल मिरच्या. घरोघरी प्रमाण बदलतं. एकदा करून डबा भरून ठेवला की ऐनवेळी पाव्हणा आला तरी आमटीची चिंता नाही. भाजीला काही नसलं तरी घरात येसर असतो, त्यावर भाकरी निभावते.

एका वाचक मावशींनी येसर आमटीची कृती पाठवली. मी कागद समोर ठेवून केली. ‘सर्व धान्ये भाजून घ्यावीत’ असं लिहिलं होतं, म्हणून सगळी एकाच कढईत घातली. ज्वारी लाह्या होऊन उडायला लागली, तांदूळ करपला, डाळ कच्चीच. तशीच दळून आणली. ‘फोडणीत पाणी घालून उकळी आल्यावर येसर टाकावा’ म्हणून उकळत्या पाण्यात पीठ सोडलं. पिठाचे सुपारीएवढे गोळे झाले. चव कडवट. वर तवंग नाही, रंग चिखलाचा.

मावशींना फोन लावला.

“कोरडाच टाकलास?” त्या म्हणाल्या. “गार पाण्यात कालवल्याबिगर कुणी टाकतंय का, बाई? आणि एका कढईत भाजलंस? डाळीला येळ लागतो, बाजरीला लागत न्हाई. हे बी लिहायचं असतंय व्हय?”

मग मी तेलाचं विचारलं. कागदावर दोन चमचे होतं. लग्नातल्या आमटीवर तर वाढपी पळी फिरवतो तेव्हा तेल दोन्ही बाजूंना सरकतं. पलीकडून थोडा वेळ आवाज आला नाही. मग हळूच : “छापून येणार म्हणून कमी लिहिलं. लोक काय म्हणतील, एवढं तेल खातात?”

“आणि किती घालता?”

“पळीभर. चांगली मोठी पळी.”

हा माझ्या कामातला पहिला साक्षात्कार. त्यानंतर मी तेलाचा आकडा बघितला की मनातल्या मनात त्याला तीननं गुणायचे, आणि बहुतेक वेळा बरोबर यायचं. तेल घटायचं तसे काजू वाढायचे. घरात रश्शाला शेंगदाण्याचं कूट घालणारी बाई आमच्याकडे कृती पाठवताना पाव वाटी काजूची पेस्ट लिहायची. दाण्याचं कूट छापायला कमी वाटायचं. हुलग्याच्या शेंगोळ्यांना ‘पौष्टिक’ असं विशेषण चिकटायचं आणि मुरमुऱ्यांच्या सुशील्यावर किसलेलं चीज पडायचं. सुशीला! जो आमच्याकडे सकाळी घाईच्या वेळी भिजवलेले मुरमुरे पिळून, फोडणीत परतून, पाच मिनिटांत होतो, तो.

तीच बाई शेजारणीला सुशीला सांगताना चीजचं नाव काढत नाही. तिथं ती खरं बोलते, कारण शेजारीण रोज तिच्या ओट्यापाशी उभी असते. तिला काय फसवायचं?

‘चार जणांसाठी’

दुसरी मोठी फजिती नान खलियाची.

हा या शहराचा पदार्थ. मोहम्मद बिन तुघलकानं 1327 मध्ये राजधानी दिल्लीहून देवगिरीला आणली, देवगिरीचं दौलताबाद केलं, आणि त्या लवाजम्याच्या, फौजेच्या भटारखान्यातून हे जेवण इथं रुजलं असं सांगतात. राजधानी परत गेली, नान खलिया राहिला. जुन्या शहरात आजही जमिनीत पुरलेल्या मोठ्या तंदुरीत नान भाजले जातात. पिवळसर, मऊ, हातभर लांबून ओळखू येणारे. आणि देगेत खलिया, म्हणजे मटणाचा रस्सा. पण आमच्याकडे त्याला नुसता रस्सा म्हणालात तर लोक मनाला लावून घेतात.

एका दिवाळीच्या आधी ठरलं, की नान खलियाची कृती छापायची. मी शहागंजच्या बाजूला एका बावर्चींकडे गेले. पिढीजात धंदा. मला सगळ्यांनी सांगितलं होतं, ते मसाला सांगणार नाहीत. प्रत्यक्षात त्यांनी खुर्ची दिली, चहा मागवला आणि म्हणाले, “छुपाना क्या है, ताई? लिख लो.” खोबरं, शेंगदाणे, खसखस, धने, सुंठ, हळद, दही, गरम मसाला, भाजायचं काय, वाटायचं काय, केव्हा काय घालायचं. काही म्हणजे काही राखलं नाही. मापं मात्र सगळी चाळीस किलो मटणाला.

आमच्या पानावर चौकट ठरलेली : साहित्य, कृती, चार जणांसाठी. मी कॅल्क्युलेटर काढला, प्रत्येक मापाला चाळीसनं भागलं आणि एक किलोचा खलिया प्रेशर कुकरमध्ये केला. खाण्यासारखा झाला. पण खलिया झाला नाही. माझं मन मला सांगत होतं. दिवाळीचं पान मात्र दुसऱ्या दिवशी सुटणार होतं, त्यामुळे मी माझा नियम माझ्याच हातानं मोडला आणि छापलं : चार जणांसाठी.

सोमवारी जालन्याहून फोन. “मॅडम, तुम्ही म्हणालात तशा चार शिट्ट्या घेतल्या. मटण शिजलं. पण खलिया कुठंय?”

मी परत बावर्चींकडे गेले, वर्तमानपत्राचं पान घेऊन. त्यांनी ते नातवाकडून वाचून घेतलं, हसले आणि म्हणाले, “एक किलो का खलिया नहीं होता, ताई. एक किलो का सालन होता.”

नंतर त्यांनी मला देगेशी उभं करून दाखवलं. लाकडाचा मंद विस्तव, जाड बुडाची देग, चाळीस किलोंच्या हाडांतून तासन् तास सुटणारी चरबी. ती वर जाड थर धरते, त्याच्याखाली खोबऱ्या-दाण्याचं वाटण झाकून मुरत राहतं. तो थर म्हणजेच झाकण. माझ्या कुकरमध्ये मसाला तोच होता, पण थर धरायला तेवढी चरबीच नव्हती आणि वेळही नव्हता. काही पदार्थ चार जणांचे नसतातच. ते मोहल्ल्याचे असतात, लग्नाचे असतात. ते घरी करायचे नसतात, डबा घेऊन आणायला जायचं असतं. ही ओळ त्या दिवाळीत छापायला हवी होती. ती आत्ता छापते आहे.

आईची ‘रुचिरा’

तुम्ही म्हणाल, मापात लिहिता येतच नाही का? येतं. मराठीत ते काम एका बाईनं असं करून ठेवलंय की आम्ही पानवाले सगळे तिच्याच सावलीत.

कमलाबाई ओगले यांचं शिक्षण चौथीपर्यंत. त्यांची ‘रुचिरा’ 1970 मध्ये आली, आणि मुकुंदराव किर्लोस्करांनी त्यांना ‘एक लाख सुनांची सासू’ म्हटलं. त्या पुस्तकातली मला सर्वांत मोठी वाटणारी गोष्ट पदार्थांची संख्या नव्हे. कमलाबाईंनी वाटी आणि चमचा ही मापं धरली. घरात वजनकाटा नसलेल्या, सासूपासून दूर, परगावी दोन खोल्यांत संसार मांडलेल्या मुलीच्या हाताशी काय असेल, हे त्यांनी ओळखलं. ‘अंदाजानं’ हा शब्द त्यांनी त्या मुलीच्या डोक्यावरून उतरवला. साताऱ्यापासून सॅन होजेपर्यंत किती डाळी त्या वाट्यांनी शिजल्या असतील!

माझ्या आईची ‘रुचिरा’ आता माझ्याकडे आहे. पुठ्ठा सुटलाय, पानांना हळदीचे डाग, अनारशांचं पान तर तुपानं पारदर्शक झालंय. त्याच्या समासात पेन्सिलीनं नोंदी आहेत. ‘आपली वाटी लहान, सव्वा घे.’ ‘शेजारच्या वहिनी म्हणतात गूळ शेवटी.’ ‘तांदूळ जुना असेल तर पाणी जास्त.’ एके ठिकाणी नुसतंच : ‘नाही जमलं. परत विचारणे.’

पुस्तकाला कमी लेखायला हे सांगत नाही. पुस्तक पक्कं होतं, म्हणून तर समासात भर घालता आली. पण आईनं त्या समासात जे लिहिलं, ते सगळं कुणाच्या तरी ओट्यापाशी उभं राहून आणलेलं आहे. आमच्या पानाला समास नव्हता. तिथं जाहिरात असायची.

हातचं राखून

लोक मला हमखास विचारतात, बायका एखादा जिन्नस मुद्दाम लपवतात का हो? लपवतात. वीस वर्षांत मला नक्की माहीत असलेली उदाहरणं दोन. एका बाईंनी धाकट्या जावेला पुरणपोळी सांगताना जायफळ गाळलं, आणि दुसरीनं लोणच्याच्या स्पर्धेत मेथी गाळली. दोघींनीही पुढं मला आपणहून सांगितलं, आणि दोघीही सांगताना हसत होत्या. बाकी शेकडो कृतींमध्ये जे गळलं, ते एकतर ‘त्यात काय सांगायचं’ म्हणून, नाहीतर ‘लोक काय म्हणतील’ म्हणून. संशय मात्र आपण नेहमी जायफळाचाच घेतो.

आणि एक तिसरी गळती होती. ती माझ्या लक्षात यायला फार वर्षं गेली.

‘तू कधी विचारलंस?’

आमची अकरा जणींची भिशी. दर महिन्याला एकीच्या घरी, पदार्थ तिच्या हातचा, आणि तिथल्या तिथं कृतीची देवाणघेवाण. त्या भिशीतल्या जवळजवळ सगळ्यांच्या कृती मी कधी ना कधी छापल्या. एक मैत्रीण तेवढी राहिली. ती शाळेत शिक्षिका, हाताला उत्तम चव. तिच्या पाळीला ती ढोकळा नाहीतर पावभाजी करायची. मला वाटायचं, हिला घरच्या पदार्थांची आवड नसावी.

एकदा ती घरी आली ती एक पुस्तक घेऊन. शाहू पाटोळे यांचं ‘अन्न हे अपूर्णब्रह्म’. 2015 मध्ये आलेलं. मराठवाड्यातल्या महार आणि मांग समाजांच्या खाण्यावर आपल्याच घरातून, आपल्याच ताटावरून लिहिलेलं. पुढं 2024 मध्ये भूषण कोरगावकरांनी केलेला त्याचा इंग्रजी अनुवादही निघाला. उन्हात वाळवलेल्या मांसाच्या पट्ट्या, म्हणजे चान्या, त्या कशा टिकवायच्या आणि कशा शिजवायच्या इथपासून रानातल्या पाल्यापर्यंत. नावातच त्यांनी ‘पूर्णब्रह्मा’ला उत्तर दिलं आहे. त्यातल्या कितीतरी कृतींत तेल, तूप, दूध नाहीच. घरात नसायचं, म्हणून नाही.

मी ते दोन रात्रीत वाचलं आणि परत द्यायला गेले तेव्हा तिला म्हटलं, “अगं, इतकी वर्षं तू मला एकही कृती दिली नाहीस.”

ती भांडी पुसत होती. म्हणाली, “तू कधी विचारलंस?”

मी विचारलं होतं. पण काय विचारलं होतं? ‘काहीतरी स्पेशल दे.’ ‘सणाचं दे.’ ‘दिवाळीला वेगळं काही?’ माझ्या प्रश्नातच तिच्या आईच्या चुलीला जागा नव्हती. येसरवाल्या मावशींनी तेल लाजून कमी लिहिलं होतं. हिच्या घरी जे मुळात नव्हतं, ते ती कुठल्या आकड्यात लिहिणार होती?

त्या दिवशी तिनं मला आंबाडीची भाजी शिकवली. मी ती आधीही खाल्ली होती, छापलीही होती, वरून लसणाच्या खमंग फोडणीची. हिची तिच्या आईची होती. आंबाडीचा पाला निवडायचा, उकडायचा, आंबट पाणी पिळून काढायचं. ते पाणी मात्र फेकायचं नाही, थोडं ठेवायचं, कारण आंबटपणा नंतर बघून वाढवता येतो. ज्वारी जात्यावर भरडून केलेल्या कण्या वेगळ्या शिजवायच्या. पाला आणि कण्या एकत्र करून पळीनं घोटायचं, घोटायचं, घोटायचं, पाला कुठला आणि कण्या कुठल्या कळू नये इतकं. मीठ, वाटलेली मिरची. लसूण असेल तर ठेचून.

“आमच्यात आठ माणसं,” घोटता घोटता ती म्हणाली. “बहात्तरच्या दुष्काळात आई-बाप दोघं खडी फोडायला जायचे. तिथं सुकडी मिळायची. घरी आलं की ही. फोडणी झाली तर एका पळीची. आई ती कधी पातेल्यात घालायची नाही. पातेल्यात घातली तर दिसतच नाही ना. प्रत्येकाच्या भाजीत बोटानं खळगा करायची आणि त्यात थेंब थेंब टाकायची. म्हणजे सगळ्यांना दिसायचं.”

तिनं मग स्वतः बोटानं माझ्या ताटातल्या भाजीत खळगा केला, आणि तेल ओतलं. चांगलं दोन चमचे ओतलं. आता घरात तेल होतं.

मी कागद काढला. साहित्य लिहायला लागले. आंबाडी एक जुडी, ज्वारीच्या कण्या एक वाटी, मिरच्या पाच-सहा, मीठ. तेलापाशी थांबले आणि तिच्याकडे बघितलं.

“लिही,” ती म्हणाली. “तेल : असेल तर.”

मी तसंच लिहून पाठवलं. संध्याकाळी कार्यालयातून फोन. पान लावणारा मुलगा नवा होता, कामाला चोख. म्हणाला, “ताई, साहित्यात तेलाचं माप राहिलंय. ‘असेल तर’ म्हणजे किती धरू? दोन चमचे टाकून देऊ का?”

“नको,” म्हटलं. “चूक नाहीये ती. तसंच जाऊ दे.”

‘चार जणांसाठी’ ही ओळही त्या दिवशी मी काढायला सांगितली. ‘आठ जणांसाठी’ टाकली.

आमच्या पानावर कुठलंही माप जरा अस्पष्ट असलं, की सोमवारी सकाळपासून फोन सुरू व्हायचे. चिमूट म्हणजे केवढी, वाटी कुठली, मध्यम आच म्हणजे कशी. त्या सोमवारी मी मुद्दाम फोनजवळ बसून होते. आंबाडीवर सात फोन आले. दोघींना ज्वारीच्या कण्या कुठं मिळतील ते हवं होतं, एकीचं म्हणणं तिची आई त्यात तुरीची डाळही घालायची, बाकी चौघींना नुसतं बोलायचं होतं. ‘असेल तर म्हणजे किती,’ असं एकीनंही विचारलं नाही.